समोर दाखवा

मिस्त्रींनी डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कागदावरच्या किडनीच्या चित्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारून टाकली.

“अख्खी काढा,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी फुलीकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. तीस वर्षांत त्यांच्या हातची पेन्सिल अशी कुणी हिसकावली नसावी. पण माणूस शांत. त्यांनी पेन्सिल परत मागून घेतली, नवा कागद ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“हे बघा. गाठ इथे आहे, खालच्या टोकाला. चार सेंटिमीटरला थोडी कमी. कॅन्सरचीच असणार, पण आहे तिथेच आहे, बाहेर कुठे पसरलेली नाही. आता अख्खी किडनी काढणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा चांगला भाग कापायचा आणि उरलेली किडनी शिवून जागेवर ठेवायची. सुई घालून गाठ जाळतातसुद्धा, पण तुमची त्या मानानं मोठी आहे आणि जागा अडचणीची आहे.”

“अर्धवट काम परत येतं, साहेब.”

“म्हणजे?”

“एक कॉइल जळाली तर आम्ही तेवढीच बदलत नाही. अख्खी वाइंडिंग उपसून काढतो, तांबं नवं भरतो. नाहीतर महिन्याभरात गिऱ्हाईक दारात.”

पाण्याच्या, गिरणीच्या, पंख्याच्या मोटरी भरण्यात मिस्त्रींचा जन्म गेला होता. जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांना मोटरीसारख्याच वाटत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा त्यांचं बरोबरही निघे.

“वाइंडिंग काढल्यावर तुम्ही नवी भरता,” डॉक्टर म्हणाले. “मी कुठून भरू? तुमची दुसरी किडनी जुन्या मुतखड्यानं थकलेली आहे. ही काढली की सगळा भार तिच्यावर. तिला झेपलं तर ठीक. नाही झेपलं तर आठवड्यातून तीनदा मशिनला जोडून घ्यावं लागेल, जन्मभर.”

मिस्त्रींनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा खर्र खर्र वाजत होता, बेअरिंग गेलं होतं, पण आज ते बोलायची ही जागा नव्हती.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “मग वाचते तेवढी वाचवा. तुम्ही म्हणाल तसं. माझा तुमच्या हातावर विश्वास आहे.”

डॉक्टरांनी पेन्सिल खिशाला लावली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मी नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या हॉस्पिटलात माझी एक विद्यार्थिनी आहे. मी चिठ्ठी देतो, तिला दाखवा. तिचा हात यात चांगला आहे.”

मिस्त्रींच्या काळजात धस्स झालं.

का झालं, ते सांगायला त्यांच्या गल्लीत जावं लागेल. गल्लीत मोटरी भरणारी दोनच दुकानं, एक मिस्त्रींचं आणि एक बरोब्बर समोर. आता जळालेली मोटर घेऊन येणारा माणूस नुसती मोटर घेऊन येत नाही. तो तिला पोटाशी धरून आणतो, हिनं किती वर्षं पाणी चढवलं, कधी हूं की चूं केलं नाही, असं तिचं कौतुक करत पायरी चढतो. अशा माणसाला तोंडावर ‘ही गेली’ म्हणून सांगणं मिस्त्रींच्या जिवावर येई. समोरच्याच्याही येई. मग एकमेकांशी एक अक्षर न बोलता दोघांत एक रीत पडून गेली. मोटर दोनदा फिरवायची, कानाशी नेऊन हलवायची आणि म्हणायचं, ‘समोर दाखवा, त्याचा हात यात चांगला आहे.’ गिऱ्हाईक रस्ता ओलांडून आलं की समोरच्याला काय ते कळे. तो त्याला चहा पाजे, इकडचं तिकडचं बोले आणि मग हळूच भंगारवाल्याचा विषय काढे. तिकडून आलेल्यांचं मिस्त्रीही तसंच करत. एरवी दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत, पण मेलेल्या मोटरी तेवढ्या इमानेइतबारे एकमेकांकडे पोचवत.

त्यामुळे डॉक्टरांचं वाक्य संपलं तेव्हाच मिस्त्रींच्या मनात सगळा हिशेब झाला होता. वर त्यांना डॉक्टरांचीच दया आली. एवढा मोठा माणूस, किती जड गेलं असेल हे बोलणं!

“साहेब,” चिठ्ठी खिशात घालत ते म्हणाले, “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं.”

“यात वाईट काय वाटायचंय?” डॉक्टर चमकून म्हणाले. पण तोवर मिस्त्री दाराबाहेर पडले होते.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, जुना खडा आहे, गोळ्या दिल्यात. चिठ्ठी दुकानात इन्सुलेशनच्या कागदांखाली सारून ठेवली. दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन चहा पिऊन भंगाराच्या गोष्टी ऐकण्यात त्यांना काही राम वाटेना.

पुढचे तीन आठवडे मिस्त्री इतके चांगले वागले, की गल्लीला त्यांची काळजी वाटायला लागली. कुणावर ओरडणं नाही, कुणाला टोमणा नाही. तासन्‌तास रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःहून बसायला स्टूल. अडकून पडलेल्या सगळ्या मोटरी त्यांनी एकेक करून हातावेगळ्या केल्या. कुठल्या मोटरीला किती वेढे, कुठल्या जाडीची तार, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते एका वहीत उतरवून काढायला बसले आणि अर्ध्यात लक्षात आलं, की हे वाचणार कोण? लेक लांब दिलेली, तिला दुकानाचं सोयरसुतक नाही. तरी लिहीत राहिले. हात थांबला की डोक्यात नको ते येई.

एका दुपारी तर त्यांनी कहर केला. स्वतःच्या हातानं तासलेले, कॉइल गुंडाळायचे लाकडी फर्मे फडक्यात बांधले, रस्ता ओलांडला आणि समोरच्याच्या टेबलावर नेऊन ठेवले.

समोरच्यानं फडकं सोडलं आणि त्याचे डोळे विस्फारले. या फर्म्यांवर त्याचा वीस वर्षं डोळा होता.

“हे काय?”

“ठेव तुला.”

“अरे, तब्येत बरी आहे ना तुझी?”

“ठणठणीत,” मिस्त्री म्हणाले आणि मागे न बघता परत आले. समोरचा बराच वेळ फर्मा हातात धरून त्यांच्या दुकानाकडे बघत राहिला.

फोन आला त्या दिवशी मिस्त्रींचे दोन्ही हात वॉर्निशमध्ये होते आणि बायको डबा घेऊन नुकतीच आत शिरली होती. तिनं डबा ठेवला, फोन उचलला.

“हॅलो... हो, मी त्यांची बायकोच बोलतेय.” मग थोडा वेळ नुसतं ऐकणं. “कुठली गाठ?”

मिस्त्रींनी हात वॉर्निशमधून बाहेर काढले नाहीत. काढून करणार काय?

“नाही हो, मला काहीच... हो... हो, विचारते. ठेवते.” तिनं फोन जागेवर ठेवला. मग ती मिस्त्रींकडे वळली.

“डॉक्टर होते. विचारत होते, तुम्ही अजून त्या बाईंकडे का गेला नाहीत. तीन आठवडे झाले म्हणे.”

“अगं...”

“खडा म्हणालात मला. खडा!”

“तुझा जीव टांगणीला कशाला लावायचा म्हणून...”

“माझ्या जिवाचं मी बघेन. काय म्हणाले होते डॉक्टर, सगळं सांगा. एक शब्द इकडचा तिकडे करू नका.”

मिस्त्रींनी सांगितलं. फुली, चित्र, थकलेली दुसरी किडनी, सगळं सांगितलं. आणि शेवटी खाली बघत म्हणाले, “मग म्हणाले, दुसरीकडे दाखवा. तिचा हात यात चांगला आहे.”

बायको पालथ्या पंपावर बसली. बत्तीस वर्षं मोटरवाल्याचा संसार केलेली बाई ती. तिला फोड करून सांगायची गरजच नव्हती. तिनं पदर तोंडाशी नेला, आणि मिस्त्रींना वाटलं, आता हिला कसं सावरायचं?

पण ती रडली नाही. तोंडाशी नेलेला पदर तसाच ठेवून ती कुठल्या तरी विचारात पडली. कपाळाला आठ्या चढल्या.

“एक सांगा,” ती म्हणाली. “समोर पाठवलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कधी मागाहून फोन केलात? बाबा रे, गेलास की नाही समोर, म्हणून?”

“छे! कशाला?”

“एकदा तरी?”

“मेलेल्या मोटरीची चौकशी कोण करतं?”

“मग हे डॉक्टर का करतायत?”

मिस्त्रींनी आता कुठे वॉर्निशमधून हात बाहेर काढले. या बाजूनं त्यांनी विचारच केला नव्हता.

“हात धुवा,” बायको उठत म्हणाली. “आत्ताच्या आत्ता जायचं. तो शर्ट राहू दे तसाच, तुमचं लग्न नाहीय.”

दवाखान्यात गर्दी होती. पण नावाची चिठ्ठी आत गेली तसं डॉक्टरांनी त्यांना लगेच बोलावलं. बायकोनं बसायच्या आधीच तोंड उघडलं. रीत सांगितली, रस्ता ओलांडणारं गिऱ्हाईक सांगितलं, चहा आणि भंगारवालासुद्धा सांगितला. डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांना हसू फुटलं, चांगलं खळखळून. मग मिस्त्रींच्या तोंडाकडे बघून ते हसणं हळूहळू मावळलं.

“म्हणजे तीन आठवडे तुम्ही...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “अहो, तसं काही नाही. तुमची गाठ निघण्यासारखी आहे. किडनी राहण्यासारखी आहे. तिचा हात चांगला आहे म्हणजे खरंच चांगला आहे, एवढंच.”

“मग तुमचा?” मिस्त्रींनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी उद्धटपणानं विचारला नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. दार लागलेलं होतं.

“माझा नाही,” ते म्हणाले. “अख्खी किडनी काढायची असेल तर मी डोळे मिटून काढीन. आयुष्यभर तेच केलं. ही अर्धी ठेवायची शस्त्रक्रिया रुजली, तेव्हा माझं नाव झालं होतं. नाव झालं की शिकायला जायची लाज वाटते. तरी चार जणांची करून बघितली. त्यातल्या दोघांचं रक्त थांबेना, शेवटी अख्खीच काढावी लागली. तुम्ही त्या दिवशी अख्खी काढा म्हणालात, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. पेशंट स्वतःच मागतोय, आपल्याला जमतंय, संपला विषय. पण तुमचा दुसऱ्या किडनीचा रिपोर्ट समोर होता.”

“हे त्या दिवशी का नाही बोललात?”

“बोललो की. तिचा हात चांगला आहे म्हणालो.”

“तुमचा नाही, हे नाही बोललात.”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “ते नाही बोललो.”

मिस्त्रींनी मान हलवली. पस्तीस वर्षांत आपण हे एकाही गिऱ्हाइकाला बोललेलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘मला जमत नाही’ हे तीन शब्द. समोर पाठवलेल्या सगळ्याच मोटरी काही मेलेल्या नव्हत्या, हेही लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समोर बसलेल्या माणसाबद्दल त्यांना एकदम माया दाटून आली.

“उद्याच जातो,” ते कसेबसे म्हणाले.

“आजच जाऊ,” बायको म्हणाली.

दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बुटक्या आणि भराभर बोलणाऱ्या. त्यांनी काही हातचं राखून ठेवलं नाही. पोटाला चार-पाच भोकं पाडून आत कॅमेरा आणि अवजारं घालणार. किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्यानं बंद करणार. मग गाठ कापायची, कापलेली कड नीट आहे ना बघायची, आतले टाके, बाहेरचे टाके, आणि चिमटा सोडायचा. हे सगळं पंचवीसेक मिनिटांत, कारण त्याहून जास्त वेळ रक्त अडवलं तर वाचवलेली किडनीच रुसून बसते. नंतर रक्त जाऊ शकतं, शिवलेल्या जागेतून लघवी झिरपू शकते. आणि आवरलंच नाही तर अख्खी काढायची परवानगी आत्ताच लिहून द्यावी लागेल.

“पंचवीस मिनिटं,” मिस्त्री म्हणाले. “तुमच्या हाताला घाम येत नाही?”

“हाताला नाही. पायाला येतो. मोजे बदलते मी नंतर.”

हे उत्तर मिस्त्रींना पसंत पडलं. त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

“बाई,” त्यांची बायको म्हणाली, “किडनी अर्धीमुर्धी दिलीत तरी आम्ही गोड मानून घेऊ. पण माणूस मला अख्खा परत द्या. चिडका आहे, पण सवय झालीय.”

शुद्धीवर येताना मिस्त्रींना आधी छत दिसलं, मग सलाइनची बाटली आणि मग बायको. जीभ कोरडी लाकूड झाली होती.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“खरं सांग.”

“आहे हो! माझं नाही तर त्या नर्सचं तरी ऐका.” आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला मिस्त्रींना सलाइनचा हात लांबवावा लागला. दुखलं, पण ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. गाठ कॅन्सरचीच होती, पण कापलेली कड चहूबाजूंनी स्वच्छ होती, आत काही उरलं नव्हतं. दोन तृतीयांश किडनी जागेवर होती आणि कामाला लागली होती.

“किती मिनिटं लागली?” मिस्त्रींनी लगेच विचारलं.

“बावीस.”

“वा!” मिस्त्री म्हणाले. इतकी मोठी दाद त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती.

“त्यातलं निम्मं श्रेय कॅमेऱ्याचं,” बाई म्हणाल्या. “आम्ही जे बघतो ते कॅमेरा दाखवेल तेवढंच. धरणाऱ्याचा हात हलला की संपलं. ते काम नेहमी सगळ्यात नव्या, शिकाऊ डॉक्टरकडे असतं. तो दमतो, कंटाळतो, मग चित्र नाचायला लागतं. तुमच्या वेळी मात्र एकदासुद्धा हललं नाही.”

“कोण होते ते? त्यांना भेटायचंय मला.”

बाई रिपोर्टची पानं सारखी करत राहिल्या.

“सर होते,” त्या म्हणाल्या. “तुमचे डॉक्टर. आदल्या दिवशी फोन आला, मी येऊ का म्हणून. मला वाटलं, बघायला येतायत. तर हात धुऊन, गाऊन घालून सगळ्या शिकाऊंच्या रांगेत उभे. म्हणाले, कॅमेरा माझ्याकडे दे. मी त्यांच्या हाताखाली शिकले हो, त्यांना कॅमेरा धरायला कशी देऊ? तर म्हणाले, मग मी शिकू कुठे?”

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. रडू आलं की टाके ओढले जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर संध्याकाळी आले, एकटेच, हातात पिशवी, दवाखान्यातून परस्पर घरी निघालेल्या माणसासारखे. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला कागद त्यांनी वाचला आणि परत अडकवला.

“साहेब,” मिस्त्री म्हणाले, “तुम्ही कॅमेरा धरायचा?”

“चांगला धरला की. तिनं दोनदाच झापलं मला. ‘सर, जवळ, अजून जवळ.’” आणि मग साठी उलटलेला तो माणूस एकदम खुलला. “काय टाके घालते हो! दोरा आत असा ओढते, गाठ मारतच नाही, वेळ जातो म्हणून. टोकाला एक चिमुकली क्लिप, सरकवली की घट्ट. असं.” हवेत त्यांची बोटं चालू लागली. मिस्त्री त्या बोटांकडे टक लावून बघत राहिले.

“पुढच्या महिन्यात एक बाई आहेत, माझ्याच पेशंट. त्यांनाही हिच्याकडेच पाठवतोय. शेवटचा एक टाका मला घालू देणार आहे म्हणाली.”

“त्या बाईंना सांगितलंत? का पाठवताय ते?”

“सांगितलं. माझा हात यात चालत नाही, असं सरळ सांगितलं.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, पण तुम्ही असाल ना तिथे? असाल तर जाते.”

मिस्त्रींना खूप काही बोलायचं होतं. चार दिवस पडल्या पडल्या त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे त्यांनी तसेच राहू दिले. त्यांनी बायकोकडे बघितलं.

ती उठली. खोलीत एकच स्टूल होतं, चार दिवस तिच्याखाली असलेलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि डॉक्टरांच्या मागे आणून ठेवलं.

“ऑपरेशनभर साडेतीन तास उभे होतात म्हणे,” ती म्हणाली. “बसा आता.”

डॉक्टर बसले.